चौसष्ट प्रकाशवर्षं, व्हाया बदलापूर

माझ्या ब्लॉगवर येणारे लोक साधारणपणे कोकण, हंपी, फार तर लडाख अशा अपेक्षेने येतात. यावेळी मी अंबरनाथहून उल्हासनगरला गेले, तिथून परत आले आणि दुसऱ्या दिवशी बदलापूरला गेले. एकूण अंतर एखाद्या बँकेच्या कामाइतकं. पण बघायचं होतं ते सुमारे चौसष्ट प्रकाशवर्षं लांब होतं, त्यामुळे हे प्रवासवर्णनच आहे आणि मी त्यावर अडून आहे.

कारण माझा दादा. वय सदुसष्ट, कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर. त्याने स्वतः आरसा घासून सहा इंची दुर्बीण बनवली आहे आणि ती गेली वीस वर्षं त्याच्या हॉलमध्ये सोफ्याची जागा अडवून उभी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं पुसट. इंजेक्शनं चालू आहेत, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की आहे ते टिकलं तरी पुष्कळ. दुर्बिणीला डोळा लावून आता त्याला काहीच मिळत नाही. म्हणून डिसेंबरमध्ये ती एका शाळेला द्यायचं त्याने स्वतःच ठरवलं.

त्याआधी त्याला एक गोष्ट हवी होती. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह.

"अरे, तो कुणालाच दिसत नाही ना?" मी म्हटलं.

"तेच तर," तो म्हणाला. "जगात कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, ताऱ्याचा उजेड जरा कमी होतो, कॅमेरा तेवढं मोजतो. यात माझे डोळे आणि तुझे डोळे सारखेच."

यावर नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तारा जंबूक नावाच्या फिकट तारकासमूहात, हंस आणि गरुडाच्या मधे आहे. नाव एचडी १८९७३३, म्हणजे थेट गॅस बुकिंगचा नंबर. ग्रहाचं नावही तेच, फक्त शेवटी बी, आमच्या सोसायटीच्या बी विंगसारखं. तो सव्वादोन दिवसांत एक फेरी मारतो. म्हणजे तिथे राहणारा माणूस नुसते वाढदिवस करून कंगाल होईल. तरी आपल्याकडे अंधार असताना, तारा वर असताना, ढग नसताना ही फेरी समोरून जायला हवी. या मोसमातली तशी शेवटची संध्याकाळ तुळशीच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या रविवारी होती. पुढच्या मोसमापर्यंत दुर्बीण शाळेत असणार आणि दादाची नजर कुठे असणार ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

शनिवार: उल्हासनगर

कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या रिंगचे आटे गेले होते. ही वस्तू ऑनलाइन मागवली तर आठवड्याने येते. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये ती दुपारपर्यंत बनवून मिळते. अंबरनाथ पश्चिमेहून आम्ही रिक्षाने निघालो. जाणाऱ्यांनी सकाळीच जावं, कारण अकरानंतर बाजारात हातगाड्या, टेम्पो आणि खरेदीला आलेली अख्खी खानदानं यांच्यातून वाट काढताना माणूस तिरका चालायला शिकतो. आधी दालपकवान खाल्लं. पकवान कुरकुरीत, डाळ मऊ, वर चिंचेची चटणी आणि कांदा. दोघांत दोन प्लेट पुरे होतात हे आम्हाला तिसरी संपल्यावर कळलं.

कॅमेरा दुरुस्तीचं दुकान जिन्याखाली आहे. मालक सिंधी काका, कपाळावर भिंग. त्यांनी रिंग हातात घेतली.

"शादी का ऑर्डर आहे?"

"नाही," दादा म्हणाला. "ताऱ्याचा फोटो काढायचाय. पण अशी रिंग द्या की फोकस थोडा बाहेर ठेवता आला पाहिजे. तारा धूसर हवा."

काकांनी भिंग वर केलं. दादाने समजावलं की तारा टोकदार आला तर सगळा उजेड कॅमेऱ्याच्या दोन-चार ठिपक्यांत कोंबला जातो आणि मोजताच येत नाही. पसरवला की नीट मोजता येतो.

"साईं," काका म्हणाले, "तीस साल से मी फोकस बराबर करून देतोय. बिगाडायला आलेले तुम्ही पहिले."

रिंग मात्र त्यांनी तासाभरात बनवली आणि निघताना मला हळूच विचारलं, "दादांची तब्येत ठीक है ना?"

रविवार: बदलापूर

अंबरनाथच्या आमच्या आकाशात चंद्र आणि मोबाइल टॉवरचा लाल दिवा, एवढंच ठळक दिसतं. अंधार हवा म्हणून दादाने कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, भोईरभाऊंना, फोन केला. त्यांचं घर बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला आहे. गच्ची मोठी, मागे शेत. "रविवारी? याच तुमी," ते म्हणाले. "रविवारीच या."

त्या 'च'वर आम्ही विचार करायला हवा होता.

दुर्बीण, कॅमेरा, बॅटरी, लॅपटॉप आणि आम्ही दोघं भाड्याच्या व्हॅनमधून चारला निघालो. गाव सोडलं की रस्ता छान आहे, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, खड्डे मोजके पण मनापासून खणलेले. भोईरभाऊंच्या घराशी पोचलो तर दारात मांडव. मांडवात शंभरेक खुर्च्या, माणसाच्या उंचीचे स्पीकर, आणि लोखंडी कमानीवर टांगलेले आठ दिवे.

"आयलाव का? बरा झाला," भोईरभाऊ मिठी मारत म्हणाले. "पुतन्याची हलद हाय. तुमचा तारा पन बघा, जेवून पन जा."

त्यांचा काही दोष नव्हता. आगरी घरात हळद असताना पाहुणा त्याच दिवशी दुसऱ्या कशासाठी येऊ शकतो, हे त्यांच्या कल्पनेबाहेरचं होतं. आम्ही तारीख सांगितली तेव्हा त्यांना वाटलं, हळदीलाच यायचंय, लाजून ताऱ्याचं निमित्त पुढे केलंय.

सहाला गच्चीवर दुर्बीण लावली. सातला ग्रह ताऱ्यासमोर यायला सुरुवात होणार, पावणेनऊला पलीकडे जाणार. माझं काम लॅपटॉपचं: आपल्या ताऱ्याची तुलना फोटोतल्या शेजारच्या ताऱ्याशी करायची. धुक्याने, धुळीने दोघांचाही उजेड कमी होतो. एकट्याचाच कमी झाला तर तो ग्रह. शेजाऱ्याशी तुलना करण्याचा मला दांडगा अनुभव असल्याने हे लगेच जमलं.

सहा चाळीसला खाली डीजे सुरू झाला. आवाजाने गच्ची थरथरली, ते एक वेळ सोसलं असतं. पण त्या आठ दिव्यांतून जांभळे झोत निघाले आणि आकाशभर झाडू मारल्यासारखे फिरू लागले. लॅपटॉपवर जंबूक जांभळा झाला, मग हिरवा. दादाने कॅमेऱ्यावर हात ठेवला, पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा. मला रडू आलं आणि रडू आल्याचाच राग येऊन मी खाली गेले.

डीजेवाला सभ्य होता. "मॅडम, साउंड और लाइट का कॉम्बो पॅकेज है. लाइट बंद केली तर पब्लिक मला मारेल."

भोईरभाऊ कानकोंडे झाले. दोन तास दिवे बंद ठेवले तर भावकी काय म्हणेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यातून एका म्हाताऱ्या बाईंनी मला खुणेनं बोलावलं. या भोईरभाऊंच्या जनाआत्या. आगरी लग्नात विधींबरोबर धवले म्हणजे लग्नगीतं गाणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. जनाआत्यांनी पन्नास वर्षं अख्ख्या पट्ट्यातली लग्नं गाऊन लावली होती. हल्ली त्यांना डीजे श्वास घेतो तेवढ्यात दोन ओळी मिळतात.

"काय बघताव वर?" त्यांनी कानाशी येऊन विचारलं.

मी ओरडून सांगितलं, "थाळीएवढा तारा धरा. त्याच्यासमोरून लिंबाएवढा ग्रह जाणार. ग्रह दिसत नाही. ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो, त्यावरून कळतं."

"म्हंजे दिव्याच्या मोरशी कोनतरी गेला का उजेड कमी व्हतो. तसाच ना?"

मला हे समजायला तीन आठवडे लागले होते.

जनाआत्या उठल्या, मांडवाच्या मधोमध जाऊन बसल्या आणि भोईरभाऊंकडे बघून म्हणाल्या, "आदी धवलं. धवलं होईपरत तो डबा बंद. दिवं पन बंद. वर पावन्यांचा काम हाय."

आत्याला नाही म्हणायची प्राज्ञा त्या घरात कुणाची नव्हती. मांडवात एक समई राहिली. सात वाजायला चार मिनिटं होती.

धवल्यांचं वैशिष्ट्य असं की त्यात एकेका नातेवाइकाचं नाव गुंफत जातात. जनाआत्यांनी त्या रात्री मावशीची नणंददेखील सोडली नाही. तरुण मंडळी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली, बायका मात्र एकेक करत सूर धरायला लागल्या. मधूनच कुणीतरी वर येऊन विचारायचं, "आत्या इच्यारतेय, गेला का तो?" आम्ही नाही म्हणायचो आणि खाली आणखी एक चुलतघराणं सुरू व्हायचं.

आठच्या सुमाराला मी जेवायला गेले. तांदळाची भाकरी, मटण, वर आग्रह. पंधरा मिनिटांनी वर आले तर भोईरभाऊ लॅपटॉपपाशी समाधानाने उभे.

"सगला धुरकट दिसत व्हता," ते म्हणाले. "मीच जरा फिरवून नीट केला. बघा आता कसा टकाटक."

तारे सुईच्या टोकाएवढे झाले होते. सुंदर आणि मोजायला संपूर्ण निरुपयोगी. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. फोकस पुन्हा बिघडवला. चौदा मिनिटांचे फोटो गेले होते. भोईरभाऊ बिचारे कान पकडून खाली गेले.

"तू इथेच होतास ना?" मी दादावर खेकसले. "स्क्रीन समोर होती तुझ्या."

"होतो," दादा म्हणाला. "मला फरक कळला नाही, सुलू. मला दोन्ही सारखेच दिसतात."

त्यानंतर सव्वानऊपर्यंत मी त्याच्याशेजारी बसून राहिले. तारे धूसर, खाली जनाआत्यांचा आवाज आता बसत चाललेला. नवरदेवाकडचं सगळं गोत संपल्यावर त्यांनी आमची दोघांची नावं विचारून घेतली आणि तीही गाण्यात घातली.

गुरुवार: घर

मोजणीला तीन दिवस लागले. बुधवारी रात्री स्क्रीनवर ठिपके आले. आधी सरळ ओळ, मग उतार, मग खाली सपाट, मधे भोईरभाऊंचं भगदाड, मग चढ, पुन्हा सरळ. शंभरात सुमारे अडीच भाग उजेड कमी. तो गेला होता, अगदी सांगितलेल्या वेळी.

दादाच्या घरी लॅपटॉप नेला. त्याने मान तिरकी केली, मागे सरकला, पुढे आला. "कुठाय?" म्हणाला. मोठं केलं तर ठिपके स्क्रीनबाहेर गेले. झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून आणलं. कागद त्याने बराच वेळ हातात धरला. "आलाय ना?" त्याने मला विचारलं. मी हो म्हटलं. तो "छान" म्हणाला आणि कागदाची नीट घडी घातली. इतकं वाईट मला डीजेच्या दिव्यांनीही वाटलं नव्हतं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. वहिनीने दारापुढचं अंगण गेरूने सारवून ठेवलं होतं आणि ती रांगोळीचा डबा घेऊन बाहेर येत होती. मी तिच्या हातून डबा घेतला. लॅपटॉप पायरीवर ठेवला आणि आकडे वाचत एकेक ठिपका टाकत गेले, प्रत्येक हरभऱ्याएवढा, फाटकापासून दारापर्यंत. अर्ध्या तासात कंबर मोडली. चौदा मिनिटांची जागा मोकळी ठेवली.

दादा बाहेर आला. ठिपक्यांच्या कडेकडेने, मान एका बाजूला करून चालायला लागला. सरळ चालला. उतार आला तिथे तो थांबला, खाली वाकला, मग पावलं टाकत सपाट भागावरून पुढे, मोकळ्या जागेवर हसला, चढापाशी पुन्हा थांबला. दारापर्यंत पोचला तेव्हा डोळे पुसत होता.

"मी बघितला," तो वहिनीला म्हणाला. "आपल्या दुर्बिणीतून."

वहिनीला संध्याकाळी पूजा मांडायची होती आणि फाटकापासून दारापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायची होती. तो अख्खा रस्ता आता ग्रहाने अडवलेला. मी झाडू आणायला उठले.

"बस खाली," ती म्हणाली. तिने उरलेली रांगोळी चिमटीत घेतली आणि लक्ष्मीची पावलं तुळशीमागून, नळाच्या बाजूने, लांबचा वळसा घालून दारापर्यंत काढत नेली.