आवळलेला नट

आमच्या ह्यांच्या खेळण्यातल्या गाडीचा एक नट मी त्यांना न विचारता गच्च आवळला आणि चारचौघांत त्यांचं हसं करून ठेवलं. तेव्हा मी फार लहान होते, बासष्टची. त्या वयात अक्कल कुठून असणार? गुडघे तेवढे कुरकुरायला लागले होते, जीभ मात्र नवीकोरी होती.

हे चिंचोळी एमआयडीसीत फिटर होते. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात अर्धामुर्धा सुधारला. डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट तेवढं हट्टाला पेटलेलं. हलायचं नाही म्हटलं की हलायचं नाही, आणि हललं की एकदम खटकन मिटायचं. मुलानं पुण्याहून रिमोटची गाडी पाठवली. मॉन्स्टर ट्रक म्हणतात तिला. आकारानं मांजराएवढी आणि चाकं म्हशीला शोभतील अशी. रिमोट पिस्तुलासारखा, डाव्या बोटानं घोडा ओढला की गाडी पळते, उजव्या हातानं चकती फिरवली की वळते. बोटाला व्यायाम होईल, असा मुलाचा विचार.

व्यायाम राहिला बाजूला. आठवड्यात गाडी जेवणाच्या टेबलावर पोट उघडून पडली. मोटारीवरचं छोटं दातेरी चाक काढून ह्यांनी त्याहून छोटं बसवलं, वेग कमी आणि जोर जास्त व्हावा म्हणून. वळताना उलटते म्हणून बॅटरी खाली सरकवली, स्प्रिंगा मऊ घातल्या, पुढच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये दाट तेल भरलं. सगळं दीड हातानं. स्क्रू दातात धरायचे. मी येताजाता टोमणे मारायची, "नातवंडं रांगायची थांबली, आता तुमचं सुरू." ते हसायचे नाहीत. मला वाटायचं, टोमणा नीट ऐकू गेला नसेल, म्हणून परत मारायची.

रविवारी त्यांचे कारखान्यातले जुने सोबती चहाला यायचे. आजारपणानंतर ती माणसं ह्यांच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली होती. एकानं तर स्वतःच्या रुमालानं ह्यांची हनुवटी पुसली. त्या रात्री हे जेवले नाहीत. मग एकदा मला हळूच म्हणाले, "त्यांच्यासमोर एक फेरी मारणार हाय. मुरमाच्या ढिगावरनं खाली, लिंबाला वळसा, आन् परत. गाडीला कुणाचा हात लागू द्यायचा न्हाय." कॉलनीमागच्या मैदानात रस्त्याच्या कामाचा मुरूम पडलेला होता, तो ढीग. माणसाला आयुष्यात एवढंच हवं होतं.

आता आवाजाचं. गाडी सुटताना पोटातून "चर्र" असा आवाज यायचा.

"अहो, आत काहीतरी घसरतंय."

"असू दे."

"अहो पण..."

"असू दे म्हणतोय न्हवं!"

असू दे हे उत्तर मला लग्नापासून कधी पचलेलं नाही. माहेरी माग होते. पट्टा घसरला की कापड गेलं, हे मी अंगाईसारखं ऐकत वाढले. आमच्या घरात ढिलं काही ठेवत नसत, पोरीसुद्धा. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्या बाजेची सुतळी मी अशी ताणून बांधली की सासूबाई म्हणाल्या, "ही बाज हाय का हलगी?" मला तो गौरव वाटला. वर्षभर सांगत फिरले.

पण आवाज हे निमित्त होतं. आत कुठेतरी मला वाटत होतं, हातासारखी ह्यांची अक्कलही ढिली पडली. जन्मभर नट आवळलेला माणूस एक नट विसरला, आणि बिचाऱ्याला कळलंही नाही. बिचारा हा शब्द मी मनात वापरला, हे आज लिहिताना जास्त टोचतं.

शनिवारी दुपारी जेवून ते झोपले. मी झाकण उघडलं. मोठ्या दातेरी चाकाला लागून एक स्प्रिंग, स्प्रिंगेवर नट. पाना लावला आणि स्प्रिंग पार चपटी होईपर्यंत फिरवला. फरशीवर चालवून पाहिली. चर्र बंद! गाडी देवघरापर्यंत सुसाट गेली आणि समईवर आपटली. मी स्वतःवर इतकी खूश की संध्याकाळी शेंगाचटणी कुटली.

रविवारी हे मैदानात खुर्ची टाकून बसले, रिमोट मांडीवर टेकवलेला. बोट मिटलं. गाडी मागच्या चाकांवर ताठ उभी राहिली आणि पाठीवर पडली. "होतं अण्णा, होतं," म्हणत एक जण धावला आणि त्यानं ती सरळ केली. लागला हात. ह्यांनी परत घोडा ओढला. गाडी ढिगावर चढली, उडाली, पलीकडे आदळली आणि कडकन आवाज आला. मोटार गरगरत होती, चाकं गप्प. आतल्या दातेरी चाकाचे दात उडाले होते. घोड्यावरचं बोट सोडवायचा हे प्रयत्न करत होते, सुटत नव्हतं. मग त्या रुमालवाल्यानं रिमोट त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. "द्या अण्णा हिकडं. नातू आला की त्याच्याकडनं चालवून घेऊ." आणि माझ्याकडे वळून, "वहिनी, चहा टाका की."

मी चहा टाकला. कडक भाकरी, चटणी, सगळं वाढलं. सगळ्यांनी चवीनं खाल्लं.

पाहुणे गेल्यावर ह्यांनी टेबलावर झाकण उघडलं. स्प्रिंगेवर नख टेकवलं.

"ह्यो कुणी आवळला?"

घरात आम्ही दोघंच. म्हटलं, "घसरत होतं की."

"घसरायलाच ठेवलं हुतं त्याला. माझं बोट एकदम मिटतंय. झटका चाकाला जायच्या आदी तितं घसरून मरायचा, म्हणून गाडी हळू सुटायची. दातबी वाचायचे. किती दिवस जुळवत हुतो मी."

यावर गप्प बसावं की नाही? पण बासष्टची पोर ती. उलट मीच चिडले. "मग मला सांगायचं नाही का?"

नवं दातेरी चाक मुलानं पाठवलं, त्याची पुडी अजून फोडलेली नाही. गाडी कपाटावर आहे. मीच तिच्यावरची धूळ झटकते. सोबती अजून येतात, अजून मोठ्यानं बोलतात, आणि हे आता मान डोलावतात. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. आधी पाना फडक्यानं पुसला, डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "सांगून काय झालं असतं? तू माझं बोटच आवळायला घेतलं असतंस."