काकूंची बहीण

चर्चच्या मंडळीतलं एकही घर असं नव्हतं, की ज्याच्या बेसिनखाली वायसरकाका आडवे झाले नव्हते. नळ गळो, मोरी तुंबो, काका पिशवीतून एक रबरी वायसर काढत आणि पाचव्या मिनिटाला "झालंच!" म्हणत. नाव त्यावरूनच पडलं. चहा पुढे केला की मात्र लगेच पिशवी उचलत. "राहू दे, उगाच तुम्हाला त्रास." मंडळीतल्या शिवणबाई म्हणत, "हा माणूस स्वर्गाच्या दारातसुद्धा म्हणेल, उघडायचा त्रास नको, मी बाहेरच बसतो."

दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनागट नर्सबाईंकडे जमे. नर्सबाई आता निवृत्त होत्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच. सगळे गोल बसले की त्या एकेकाला विचारत, "बोला, तुमच्यासाठी काय मागू या?" मग कुणाचे गुडघे निघत, कुणाच्या मुलाची नोकरी, शिवणबाईंची कायमची सून. काकांचं उत्तर ठरलेलं: "आमचं सगळं छान. प्रभूची कृपा."

काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हाही सगळं छानच होतं. पुढे जिनाच सुटला. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडाला धरला आणि काकांना बाहेर बोलावून घेतलं. त्या रविवारी उपासनेनंतर नर्सबाईंनी विचारलं, "काकू दिसल्या नाहीत?" काकांच्या तोंडून निघून गेलं, "बहिणीकडे गेलीय. बहीण आजारी आहे तिची."

काकूंना बहीण नव्हती. चार भावांच्या पाठीवरचं शेंडेफळ होतं ते.

पण गटाला बहीण मिळाली आणि गटाने तिला धरून ठेवलं. आठ महिने दर गुरुवारी तिच्यासाठी प्रार्थना झाली. शिवणबाई तर तिच्यासाठी रडायच्यासुद्धा. काकूंच्या सेवावृत्तीचा दाखला पाळकांनी एकदा प्रवचनातही दिला; काका तेव्हा बुटांची नाडी बांधत होते, फार वेळ. खरं सांगावं असं त्यांना दर आठवड्याला वाटे, आणि दर आठवड्याला ते आणखी अवघड होऊन बसे.

मग शिवणबाईंनी बहिणीसाठी निळी शाल विणून काकांच्या हाती दिली. "पोचती करा हं."

काकूंनी ती गालाला लावली. "कुणी विणली हो?"

"शिवणबाईंनी."

काकूंचा चेहरा उजळला. "म्हणजे सांगितलंत तुम्ही?"

"नाही... तुझ्या बहिणीसाठी दिलीय."

काकू हसल्या. इतक्या हसल्या, की हसण्याचा खोकला झाला आणि काकांना पाठ चोळत बसावं लागलं. दम परत आल्यावर त्या म्हणाल्या, "भाग्यवान आहे हो माझी बहीण. अहो, एकदा बोलवा ना सगळ्यांना. इथे बसून गाऊ देत. दार उघडं ठेवा, खालच्या मजल्यालाही ऐकू जाऊ दे."

"या गुरुवारी नक्की सांगतो."

गुरुवारी काकांची पाळी आली. त्यांनी घसा साफ केला. समोर शिवणबाई डोळे मिटून तयारच बसल्या होत्या. त्या डोळ्यांना आता काय म्हणून उघडायला सांगायचं? काका म्हणाले, "तिच्या बहिणीचं जरा जास्त झालंय." सगळे गुडघ्यांवर आले.

घरी काकूंनी विचारलं, "कधी येतायत?"

"पुढच्या गुरुवारी."

"बरं," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

मंगळवारी दुपारी त्या गेल्या.

गट पहिल्यांदा त्या घराचा जिना चढला. स्वयंपाकघरात नळ ठिपकत होता. शिवणबाईंनी काकूंच्या पायांवरची निळी शाल पाहिली, उशाशी औषधांच्या बाटल्यांची रांग पाहिली, आणि त्या खुर्चीवर बसल्या.

नर्सबाईंचा आवाज वॉर्डातला राहिला नाही. "मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, काका. तीस वर्षं मी दुसरं केलंय काय?"

"तुम्हाला उगाच..." काका म्हणाले.

दफनाला सगळे आले. गायले, माती टाकली, आणि काकांशी फारसं न बोलता गेले. रागापेक्षाही ते ओशाळलेले दिसत होते.

पुढच्या गुरुवारी काका जातील असं काकांनाही वाटलं नव्हतं. गेले, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. एकेकाची पाळी होत होत नर्सबाई त्यांच्यापाशी थांबल्या.

"बोला. तुमच्यासाठी काय मागू या?"

"आमचं सगळं..." काका थांबले. टोपी या हातातून त्या हातात गेली. "माझ्याच्याने घरात बसवत नाही हो. तिने तुम्हाला बोलावलं होतं. गायला. मी सांगितलंच नाही."

मग शिवणबाईंनी गीतांचं पुस्तक काखेत मारलं. "उठा, वायसर. किल्ली आहे ना?"

काकांच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या. बाकीचे जमिनीवर बसले. पलंगावर मात्र कुणी बसलं नाही. शिवणबाईंनी सूर लावला, पहिल्याच ओळीला तो फाटला, तो नर्सबाईंनी सांभाळून घेतला.

काका गायले नाहीत. ते उठले आणि जिन्याकडचं दार त्यांनी सताड उघडं केलं.