न्यूबियाच्या साहेबाला टाळ्या

डॉक्टरकी सोडल्यापासून मी अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका लहानशा म्युझियममध्ये शनिवारी बिनपगारी गाइड होते. एका शनिवारी आमच्या इथल्या रविवारच्या मराठी शाळेची सहल आली.

इजिप्तच्या दालनात एका अधिकाऱ्याचा कोरीव दगड आहे. दक्षिणेकडचा न्यूबिया मुलूख जिंकल्यावर राजानं त्याला तिथला कारभारी नेमलं. हुद्दा राजपुत्राचा, पण राजाशी रक्ताचं नातं नाही. तिथलं सोनं, गुरं, माणसं उत्तरेला धाडायची हे त्याचं काम. शिवाय तिथल्या सरदारांची मुलं उचलून राजवाड्यात ठेवायची, म्हणजे बाप मुकाट राहतात. आमच्या छापील कार्डावर मात्र ‘सरदारांच्या मुलांना राजवाड्यात उत्तम शिक्षण मिळे’ एवढंच. आणि गाइडनं कार्डाबाहेर बोलायचं नाही, असा नियम. म्हणून मी नुसतं कार्ड वाचून दाखवलं.

शाळेचे मुख्याध्यापक, पेशानं इंजिनिअर, मुलांना म्हणाले, “बघा, हा तिथला कलेक्टर! नीट स्टडी केला की असं पोस्टिंग मिळतं. क्लॅप करा!”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पालकांनीही. माझं डोकंच फिरलं. परक्या साहेबापुढे पिढ्यान्‌पिढ्या वाकलेल्यांची आपण नातवंडं, आणि कलेक्टर म्हटलं की अजून हरखून जातो! खुर्ची कुणाची, बसलाय कुणाच्या उरावर, कशाचं काही नाही. मला त्या सगळ्यांची लाज वाटली.

एवढ्यात आठेक वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, “बट आजी, डिड देअर मॉम्स से येस?”

“काकू, पुढे चला ना,” मुख्याध्यापक घाईनं म्हणाले. “लहान आहेत, उगाच कॉम्प्लिकेट नका करू.”

मी कार्ड पर्समध्ये कोंबलं. “नाही गं. आयांना कुणी विचारलंच नाही. शिपाई आले आणि घेऊन गेले. ह्याच साहेबाच्या कारभारात.”

संध्याकाळपर्यंत तक्रार पोचलीसुद्धा. म्युझियमनं गोड शब्दांत कळवलं की पुढच्या आठवड्यापासून मी कोट ठेवायच्या काउंटरवर बसावं. तीस वर्षं पेशंटच्या तोंडावर खरं सांगत आले, आणि आता एका मेलेल्या अंमलदाराची अब्रू राखायला मला कोटांवर बसवलं! तरी मी जाते. न जाऊन त्यांचं फावू कशाला देऊ?

गेल्या शनिवारी ती मुलगी आईबरोबर पुन्हा आली. जॅकेट माझ्या हातात देत तिनं विचारलं, “आजी, ती किड्स घरी गेली?”

“काही गेली,” मी म्हटलं. “मोठी झाल्यावर. त्याच साहेबाच्या हाताखाली नोकरीला.”