भाषणातला राहिलेला भाग

महिला दिनाला आम्हा सरपंच बायांना समुद्रपूरला बोलावलं होतं. प्रत्येकीने जगातल्या एका कर्तबगार स्त्रीवर पाच मिनिटं बोलायचं. कोणी कोणावर बोलायचं यावरून आदल्या वर्षी भांडण झालं होतं, म्हणून यावेळी आधीच चिठ्ठ्या काढल्या. माझ्या चिठ्ठीत ब्राझीलच्या माजी महिला राष्ट्राध्यक्ष निघाल्या. शेजारच्या गावच्या सरपंचबाईंनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "ब्राझील म्हंजे फुटबॉलवालेच ना? सांगून देजो काईबी. इथं कोनाले मालूम आहे?"

मला काहीबाही सांगता येत नाही. किराणा असो की ग्रामसभा, मी आधी मुद्दे लिहून काढते. मुलगी नागपूरला शिकते. तिच्याकडून माहिती मागवली आणि क्रम लावला. तरुणपणी लष्करी राजवटीविरुद्ध उभी राहिली. पकडली गेली, तुरुंगात हाल झाले. सुटली, अर्थशास्त्र शिकली, मंत्री झाली. देशाची पहिली महिला राष्ट्राध्यक्ष झाली. पुन्हा निवडून आली. आणि शेवटचा मुद्दा, दुसऱ्या कारकिर्दीत तिला पदावरून काढलं.

पुन्हा निवडून येण्यापर्यंत पोचले आणि घंटा वाजली. मी खाली बसले. टाळ्या चांगल्या पडल्या. चहा घेताना एक बाई म्हणाली, "जेलातून निंगून राष्ट्रपती. बापा, काय नशीब." नशिबाचा पुढचा भाग माझ्या हातातल्या कागदावर होता. तो मी पर्समध्ये ठेवला आणि अल्लीपूरच्या बाजूला जाणारी बस पकडली.

तेव्हा मला सरपंच होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. पद महिलांसाठी राखीव निघालं, मी निवडून आलेली सदस्य होते, लिहिता-वाचता येत होतं, आणि पुरुषांना वाटलं ही सांगू तिथे सही करेल. पहिलं वर्ष गावाची घडी समजून घेण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी मी नळाच्या पाण्याची पाळी ठरवली.

आमच्या गावात पाणी वरच्या आळीपासून सोडतात. टाकी तिकडे आहे म्हणून, असं सांगतात. शेवटी बौद्ध वस्ती, म्हणजे आम्ही. उन्हाळ्यात आमच्यापर्यंत येईतो नळ नुसता सुस्कारे सोडायचा. वॉल्व्ह आळीआळीला होते. कोणता आधी उघडायचा हा फक्त हाताचा प्रश्न होता. मी आठवडे वाटून दिले. प्रत्येक आळी एकदा पहिली, एकदा शेवटची. तक्ता पंचायतीच्या भिंतीवर लावला. आमच्या आळीची पहिली पाळी मी मुद्दाम शेवटच्या आठवड्यात ठेवली, कोणी बोलू नये म्हणून. तरी बोललेच.

उपसरपंच ऑफिसात आले. वयाने मोठे, बोलायला गोड. "बाई, तुमचं काम एक नंबर आहे. पन भिताडावर लावाची काय गरज होती? तोंडी सांगतलं असतं त कोनी नाई म्हनलं नसतं."

"तोंडी आजवर कोणी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"सांगत नाई म्हनूनच चालते गाव," ते म्हणाले आणि हसत गेले.

महिला दिन झाला आणि थोड्याच दिवसांत माझ्याविरुद्ध अविश्वासाची नोटीस आली. कारण: मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणे. आमच्या जिल्ह्यात सरपंच काढायला हीच दोन कारणं लागतात. नोटीस तयार असते, गावाचं नाव तेवढं बदलतात. पाण्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

आम्ही सदस्य नऊ. ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, सात हात वर गेले की सरपंच खाली. म्हणजे मला स्वतःला धरून तीन माणसं पुरेशी होती. एक होते भाजीपाला लावणारे म्हातारे सदस्य, खालच्या आळीचे. बैठकीत ते फक्त पाण्यावर बोलत. दुसरी माझी धाकटी जाऊ. शेजारी घर, मध्ये एकच अंगण आणि एकच नळ. तिचा अर्ज मीच भरला होता. हिशोब सरळ होता, म्हणून मी निवांत होते.

ठरावाआधी आमच्याकडे ठराव आणणारे सदस्यांना देवदर्शनाला नेतात. गाडी येते, सगळे जातात, आणि बैठकीच्या सकाळीच परततात, म्हणजे मधे कोणी कोणाला भेटू नये. याला कोणी लाच म्हणत नाही. देवाचं नाव असतं. गाडी निघाली त्या सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. जाऊ नवी साडी नेसून बाहेर आली.

"कुठं चालली?"

"येतो फिरून. सगळे जाऊन राह्यले त."

"तुले कोणं बोलावलं?"

"बोलावलं ना." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "हंडा भरून ठेवला आहे, बाई."

आम्ही बौद्ध. ती कोणत्या देवाच्या दर्शनाला गेली, हे मी आजवर विचारलेलं नाही.

ती बाहेर होती त्या दिवसांत मुलीने फोनवर एक जुना व्हिडिओ दाखवला. ब्राझीलच्या संसदेत त्या बाईंना काढायचं मतदान. एकेक खासदार उठतो आणि मत देतो. कोणी देवासाठी देतो, कोणी बायकोसाठी, कोणी नातवंडांसाठी. बाईंवरचा आरोप सरकारी हिशेबाचा होता. बहुतेकांच्या तोंडी त्याचं नावही नव्हतं. भाषा मला येत नाही, मुलगी सांगत होती. चेहरे मात्र ओळखीचे वाटले. पुढे बाई स्वतः सिनेटसमोर गेल्या, तासन्‌तास उत्तरं देत बसल्या. मीही उत्तरं काढून ठेवली, मुद्देसूद.

बैठकीला तहसीलदार आले. गाडी थेट पंचायतीसमोर थांबली. मला बोलायची संधी दिली. मी पाण्यावर बोलले. तहसीलदारांनी घड्याळ पाहिलं. मग ते म्हणाले, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावे.

सहा हात लगेच गेले. म्हातारे सदस्य मांडीवर हात ठेवून बसले होते. सातवा हात हळूहळू गेला. मनगटावर लाखेच्या नव्या बांगड्या होत्या, लाल, आरशाचे तुकडे बसवलेल्या.

दुसऱ्या दिवशी नळावर मी तिला विचारलं, "काऊन?"

ती हंडा घासत राहिली. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी कुठं गेलतो? लोकाच्या लग्नाले, नाई त सावंगीच्या दवाखान्यात. थ्या गाडीत मले खिडकीजवळ बसवलं, बाई. पहाड पाह्यले. ताई ताई करत होते."

"अन् पाणी?"

"पान्याचं काय, पानी त भरतच आलो आपन."

तिने पदराखालून कागदाची पुडी काढून भिंतीवर ठेवली. माझ्या मापाच्या बांगड्या होत्या. मी हंडा उचलला आणि आत गेले. पुडी बरेच दिवस तिथेच होती. पावसात कागद गळला, आणि मग एके दिवशी बांगड्याही दिसेनाशा झाल्या. कोणी नेल्या ते माहीत नाही.

पाळीचा तक्ता नव्या सरपंचांनी पहिल्याच दिवशी काढला. तिथे आता शुभेच्छांचा फलक आहे. पाणी वरच्या आळीपासून सुटतं. यंदाच्या महिला दिनाला मला बोलावणं नव्हतं, ते बरोबरच होतं. कार्यक्रम सरपंचांचा असतो. तो कागद अजून पर्समध्ये आहे. शेवटच्या मुद्द्याला पाच मिनिटं पुरली नसती.

परवा दुपारी जाऊ रिकामा हंडा घेऊन अंगणात उभी होती. नळाला कान लावून तिने विचारलं, "बाई, आपल्याकडं कवा येईन वो?"

"उपसरपंचाले विचार," मी म्हणाले. "तुले ताई म्हणतात ना."

ती उन्हातच बसली. मीही माझा हंडा तिच्या हंड्यामागे ठेवला.