कुमुदआत्याला ऐकू आलेली रेकॉर्ड

मी गणित शिकवते. कुणी अंगात येणं, झपाटणं असलं काही सांगायला लागलं की चहाचं निमित्त काढून आत जाणारी बाई आहे मी. या सदरातले अनुभवसुद्धा आजवर करमणूक म्हणूनच वाचले. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलेय याचं मला हसू येतंय... पण आठ महिने झाले, आणि हे गणित काही सुटत नाहीये.

आम्ही नगरला राहतो. अहिल्यानगर म्हणायला हवं, पण तोंडात अजून नगरच बसलंय. सावेडीत, पाइपलाइन रोडच्या आतल्या बाजूला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. घरात मी आणि माझी कुमुदआत्या. आई-बाबा मी लहान असतानाच गेले, मला वाढवलं ते आत्याने. ती नेवाशाला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नुसत्या 'हॅलो'वरून गावातला कोण माणूस बोलतोय ते ओळखायची.

मी कॉलेजात असताना तिला मेंदुज्वर झाला. जीव वाचला, कान गेले. दोन्ही. कमी ऐकू येतं असं नाही – काहीच येत नाही. मशीनचा उपयोग होणार नाही असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. त्याला आता बारा वर्षं झाली. ती बोलते व्यवस्थित, जरा मोठ्याने. आपले ओठ बघून अर्धंमुर्धं समजून घेते, बाकीचं मी वहीत लिहून दाखवते.

आणि मी एका बँडमध्ये गाते. गाते म्हणजे ओरडते. हार्डकोर पंक म्हणतात त्याला. एक-दीड मिनिटाचं गाणं, गिटारचा आवाज फाटलेला, ड्रम उधळलेल्या बैलासारखे. जगभर असे बँड आहेत, कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या गोठ्यात रेकॉर्डिंग करतात आणि मोजक्याच तबकड्या काढतात. मी अशा नव्या रेकॉर्ड वेड्यासारख्या जमवते. आमचा बँड तिघांचा. गिटारवर अस्लम, नगरचाच, रेकॉर्डिंगचं सगळं तोच बघतो. ड्रमवर दत्ता, तिसगावचा शेतकरी. त्याची रिकामी पोल्ट्री शेड हाच आमचा स्टुडिओ.

मी हे सगळं सुरू केलं ते आत्याचे कान गेल्यानंतर. म्हणजे तिने माझं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर... त्याचा मी फायदा घेतला. आमच्या पहिल्या रेकॉर्डवर 'भिंत' नावाचं एक गाणं आहे. 'भिंतीशी बोलते, भिंतीशी जेवते, भिंतीची औषधं भिंतीला देते' – असं. भिंत कोण, हे वेगळं सांगायला नको. फार थकले होते तेव्हा लिहिलं होतं. तिला कधीच कळणार नाही, या भरवशावर लिहिलं होतं.

रेकॉर्डिंग फेब्रुवारीत झालं. मे महिन्यात पहिली नमुन्याची प्रत हातात आली. काळी कुळकुळीत, एकाच बाजूला सात गाणी, दुसरी बाजू कोरी. रविवार होता, सकाळचे साडेअकरा. खालचे शेजारी गावाला गेलेले, म्हणून मी ती प्लेयरवर लावून आवाज चांगला मोठा ठेवला. आत्या स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून गवार निवडत बसली होती.

पहिलं गाणं संपायच्या आत ती दारात उभी.

"कोण गं ही? काय झालंय तिला?"

मला वाटलं, फरशीतून हादरे गेले असतील. मी वहीत लिहिलं, 'हादरे जाणवतायत का?' तिने वही बाजूला सारली.

"हादरे नाही गं. बाई ओरडतेय." मग मान तिरकी करून थोडा वेळ थांबली, आणि एकदम म्हणाली, "अगं... तू आहेस! सर्दी झाली की तुझा आवाज असाच व्हायचा."

आत्या खुर्चीत बसली, हातात गवारीच्या शेंगा तशाच. तिने डोळे मिटले – हे मुद्दाम सांगतेय, कारण ओठ वाचायचा प्रश्नच नव्हता. मी तर तोंड मिटून भिंतीला टेकले होते. आणि ती माझे शब्द एकेक ओळ मागून पुटपुटत होती. दुसरं गाणं. तिसरं. इतक्या गोंगाटात आमच्या मित्रांनासुद्धा शब्द कळत नाहीत हो! तिला सगळे कळत होते.

मग चौथं गाणं येणार हे माझ्या लक्षात आलं. 'भिंत'. मी सुई उचलायला धावले.

"राहू दे," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच.

ते सव्वा मिनिट मी कसं काढलं ते माझं मला माहीत. ती पुटपुटत होती... 'भिंतीची औषधं भिंतीला देते'... चेहऱ्यावर काही नाही.

सातवं गाणं संपलं. सुई शेवटच्या रेषेत नुसती खरखरत फिरायला लागली. मी पुढे झाले, तर तिने हात वर केला.

"थांब की. अजून चालू आहे."

काहीच चालू नव्हतं! पण ती ऐकत होती. दोन मिनिटं तरी. मध्येच किंचित हसली. मग डोळे उघडले आणि विचारलं, "ती शेवटची बाई कोण?"

मी मानेनेच विचारलं, कुठली?

"तुम्ही सगळे गेलात बाहेर. चपला वाजल्या. मग ती आत आली. म्हातारी असावी. 'एवढंसं लेकरू, आन एवढं काय साठलंय गं हिच्यात' असं म्हणाली. मग बटण वाजलं, पंखा बंद झाला." एवढं बोलून तिने स्वतःच्या कानाशी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. "गेलं," म्हणाली. "बंद झालं."

मी रेकॉर्ड पुन्हा लावली. नाही. तिची आवडती जुनी भावगीतं मोबाइलवर लावून कानाशी धरली. नाही. कुकरच्या शिट्टीपाशी नेऊन उभी केली. काहीच नाही. मी रडत होते, ती नव्हती.

"ते चौथं गाणं माझ्यावर आहे," ती म्हणाली.

मी वहीत 'सॉरी' लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

"सॉरी काय लिहितेस? बारा वर्षं मला चांगलं तेवढंच लिहून दाखवतेस. भाजी छान झाली, कॉलेज बरं चाललंय. राग आला की वही मिटून गच्चीवर. मला काय कळत नव्हतं? आज पहिल्यांदा पूर्ण बोललीस बघ." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "आवाज चांगला आहे. श्वास मात्र कमी पडतो तुला."

दुपारी मी अस्लमला फोन केला. रेकॉर्डिंग संपल्यावर माइक चालू राहिले होते का?

"राहिले असतील," तो म्हणाला. "शेवटचा सूर विरला तिथे मी कट मारला. पुढचं कोण ऐकतंय? मूळ फाइल असेल पडलेली."

तासाभरात तो लॅपटॉप घेऊन आला. आत्या आत झोपली होती. आम्ही एकेक इअरफोन कानात घातला. गाणं संपलं, गिटारची घरघर विरली. मग पंख्याचा आवाज, आमचं हसणं, लांब जाणाऱ्या चपला. बराच वेळ नुसता पंखा. आणि मग दत्ताच्या आईचा आवाज. शेडमध्ये एकट्याच, स्वतःशीच...

"एवढंसं लेकरू... आन एवढं काय साठलंय गं हिच्यात?"

टक्. पंखा मंदावत गेला.

अस्लमने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आत्यांना हे कुणी सांगितलं?"

कोण सांगणार? आम्ही तर बाहेर झाडाखाली जेवायला बसलो होतो. ही फाइल कुणी उघडलीच नव्हती, आणि रेकॉर्डवर हा तुकडा नाहीच – आम्ही सुई ठेवून पुन्हा पुन्हा तपासलं. आत्या तोवर कधी तिसगावला गेलेली नव्हती, दत्ताच्या आईला तिने पाहिलेलंसुद्धा नव्हतं. दत्ताने त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "म्या आसं म्हन्ले? म्हन्ले आसंन बाबा. ध्यानात न्हाई."

पुढच्या आठवड्यात कानाची तपासणी केली. रिपोर्ट बारा वर्षांपूर्वीसारखाच. डॉक्टरीणबाई समजावून म्हणाल्या, की बहिऱ्या माणसाचा मेंदू कधीकधी स्वतःच आवाज तयार करतो, जुन्या आठवणीतून. मला पटलं. तसं असू शकतं. मग मी त्यांना फाइलचा तो तुकडा ऐकवला आणि त्या दिवशी आत्या जे बोलली ते सांगितलं. त्यांनी रिपोर्ट परत समोर ओढला. मग म्हणाल्या, "हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

आत्याला मात्र कारणाची काही पडलेली नाही. आता आम्ही वहीवर भांडतो, अगदी कडाकडा. दोन वह्या संपल्या. गेल्या महिन्यात नव्या गाण्यांचं रेकॉर्डिंग होतं, तर ती हट्टाने तिसगावला आली. तिला आणि दत्ताच्या आईला समोरासमोर पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता... पण त्या दोघी पाच मिनिटांत हातवारे करून लोणच्याबद्दल बोलायला लागल्या. मग आत्या गिटारच्या स्पीकरसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. आम्ही पहिलं गाणं वाजवलं. मी श्वास जपून, पोटातून ओरडले. गाणं संपलं आणि आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो.

तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं, हसली आणि मान हलवली. "नाही रे बाळांनो. काही नाही. तुम्ही वाजवा."

आम्ही वाजवलं. त्या रविवारी साडेबारा मिनिटं काय उघडलं होतं, आणि ती त्यातून तीन महिन्यांपूर्वीच्या रिकाम्या शेडपर्यंत कशी पोचली, मला माहीत नाही.