आष्टीच्या जात्यावर सरांचं नाव

पुण्याच्या स्टेशनावर सरांची लोखंडी पेटी हमालाच्या डोक्यावर चढेना, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा प्रवास सरळ होणार नाही. "सर, आपण लग्नाला चाललोय," मी म्हटलं, "यात आहे तरी काय?" सर म्हणाले, "संदर्भ." माईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, कपाळावर हात मारला आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरून खिडकी पकडली.

सर म्हणजे प्राध्यापक वामनराव. जुनी मराठी कविता वाचायला आमच्या पिढीला त्यांनी शिकवलं. छंदावर बोलायला लागले की घंटा झालेली कळत नसे, त्यांनाही आणि शिपायालाही. गेल्या वर्षी ते गेले. आता स्मृतिग्रंथ निघतो आहे. त्यांच्या ग्रंथांची चिकित्सा करायला त्यात मोठमोठी माणसं आहेत. माझ्यासारख्या जुन्या विद्यार्थ्याच्या वाट्याला "एखादी हलकीफुलकी आठवण" आली आहे. म्हणून आष्टीची ही हकिकत. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, माईंच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो, आणि मराठवाडा मी पाहिलेला नव्हता. सरांनी सोबत चल म्हटलं आणि मी निघालो.

मनमाडला उतरून लहान रुळांच्या गाडीत बसलो. ही गाडी कोणाच्याही घाईला भीक घालत नाही. औरंगाबादला कापसाचे एक व्यापारी चढले. त्यांनी पानाचा डबा उघडून डब्यातल्या सगळ्यांना पानं दिली आणि मग चौकशीला बसले.

"आपण कवी का?"

"नाही. कवितेचा अभ्यासक," सर म्हणाले.

"म्हंजे कविता दुसरे करतात, आन् तुम्ही त्याचा जमाखर्च बघता?"

"तसं म्हणता येईल."

"मंग मुनीम म्हणा की! बराबर हाय. मुनीम पाहिजेच. मालक लोकांचं काही खरं नसतंय."

सरांनी पान गालात धरून खिडकीबाहेर पाहिलं. माई पदराआड हसत होत्या. जालन्याला व्यापारी उतरले आणि उतरता उतरता "जालना सोने का पालना" एवढं ऐकवून गेले. फलाटावर मला तरी पाळणा दिसला नाही. सरकीची पोती दिसली, पोत्यांना टेकून उभं असलेलं एक गाढव दिसलं, आणि कपापेक्षा बशीतच जास्त असा चहा मिळाला. चहा मात्र फर्मास होता.

परतूरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. माहेरची बैलगाडी न्यायला आली होती. सरांची पेटी मागे चढवली, सर पेटीला टेकून बसले, आणि गाडी उलाळली. जू वर, मागची बाजू खाली, आणि सर आपल्या संदर्भांसकट मातीत. सखाराम गाडीवानाने त्यांना उठवून बसवलं आणि गंभीरपणे म्हणाला, "मालक, तुम्ही म्होरं बसा. बुकं जड हैत. तुमचं वजन काही न्हाई." सर पुढे बसले.

आष्टीपर्यंतचा मुलूख काळ्याभोर जमिनीचा. काढणीला आलेला शाळू (रब्बीची ज्वारी), मध्येच करडईची काटेरी पिवळी फुलं, बांधाला बाभळी. सगळं इतकं सपाट की दूरचा माणूस आपल्याकडे येतोय की आपल्यापासून लांब जातोय, हे ठरायला वेळ लागतो. एका विहिरीवर थांबून धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट भाकरी) आणि दही खाल्लं. मला मजा वाटत होती ती माईंची. पुण्यात त्या "लवकर चला" म्हणत. परतूर सोडताच "जल्दी हाक रे सखाराम" सुरू झालं, आणि विहिरीपाशी तर त्या पाय सोडून बसून "मी मागल्या साली आल्ते तवा इथं दोन बाभळी होत्या" असं सांगू लागल्या. त्या दर वर्षी येत. सर मात्र बऱ्याच वर्षांनी येत होते, कारण त्यांना ग्रंथ लिहायचे होते.

आष्टीचं घर माळवदाचं, म्हणजे वर सपाट मातीचं धाबं. माईंचे धाकटे भाऊ रंगनाथराव सामोरे आले. त्यांच्या मागून सरूवहिनी, त्यांची पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ठेंगणी, गोरी, डोळ्यांत कायम काहीतरी शिजत असलेली बाई. सरांच्या पायांवर पाणी घालत म्हणाल्या, "या पाव्हणे, या. बसा."

माई उंबऱ्यातच थबकल्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं या घरात ह्यांना दाजी म्हणतात." (दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा.) "पाव्हणे कुणी म्हणत नाही. काहीतरी बिनसलंय."

सरांच्या हे गावीही नव्हतं. जेवणाला येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ. इकडे त्याच्या आमटीशिवाय लग्न लागत नाही म्हणतात. "पाव्हण्यांना तूप वाढा," "पाव्हण्यांना पाट द्या," असा गजर चालला होता आणि सर खुशीत भुरके मारत होते. घरच्या माणसाला कोणी इतकं तूप वाढत नाही, हे माई आणि मी दोघंही ओळखून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद दळायची होती. जातं धुऊन त्याच्या खुंट्याला आंब्याची पानं बांधली आणि पाच सवाष्णी भोवती बसल्या. या घरची रीत अशी की दळता दळता ओव्यांमधून घरच्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव जात्यावर आलं तो घरचा. ज्याचं आलं नाही तो मांडवात परका. दुपारी मुहूर्तमेढ (मांडवाचा पहिला खांब) रोवायची, तिला पहिला हात थोरल्या जावयाचा. पण तो नाव आलेल्याचाच हवा.

सर ओसरीवर पेन्सिल आणि कागद घेऊन बसले. ओवी हा त्यांचा खास विषय. त्यावरचा त्यांचा ग्रंथ अजून दाखल्याला घेतात. जात्याची घरघर सुरू झाली आणि सरूवहिनींच्या एका चुलत नणंदेने आवाज लावला:

"हळद दळिता गं, पिवळा झाला हात,
मांडवाच्या दारी उभे भाऊ रंगनाथ."

मग चुलते झाले, मामा झाले, मंठा गावचे धाकटे जावई झाले. ते मिशांना पीळ देत उभे होते. सखाराम गाडीवान झाला, त्याचे बैलसुद्धा झाले. आणि एकाएकी सगळ्या बाया माझ्याकडे बघून फिदीफिदी हसल्या:

"सोबतीचा मास्तर, अंगानं काडीवाणी,
वाऱ्यानं उडंल, बांधा गं गाईवाणी."

माझे कान लाल झाले, पण खोटं कशाला सांगू, मनातून मी सुखावलो. हळद संपली. जातं थांबलं. सरांची पेन्सिलही थांबली. त्यांनी कागदावरून वरखाली नजर फिरवली आणि मला विचारलं, "माझं ऐकायचं राहिलं का रे?"

"राहिलं नाही सर. आलंच नाही."

चष्मा काढून त्यांनी पुसला. माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भरल्या माहेरात, सगळ्या बायांसमोर, त्यांचा नवरा बैलांच्याही मागे राहिला होता. पुण्याच्या पंडितांनी सरांना कितीही मान दिला तरी त्या अपमानाची भरपाई होणार नव्हती. शेवटी सर स्वतःच जात्याजवळ गेले.

"वहिनी, आमचं काही चुकलं का?"

"न्हाई बा, तुमचं काहून चुकंल?" वहिनी हळद गोळा करत म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय ना, की बायकांच्या ओव्या नुसत्या पाठांतराच्या. नवी ओवी रचायची अक्कल आता कुणात उरली न्हाई. मंग जुन्या ओव्यांत तुमचं नाव न्हाई, आन् नवी आम्हाला येत न्हाई. आम्ही आणावं कुठून, पाव्हणे?"

झालं होतं असं: सरांनी आपला ग्रंथ मोठ्या अभिमानाने सासरी पाठवला होता. जावयाचं पुस्तक म्हणून या लोकांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. रोज त्याला हळदकुंकू वाहायचे, उघडायचं मात्र कोणी नाही. यंदा नवरी मुलगी, कुमुद, जालन्याच्या शाळेतून शिकून आली आणि एका दुपारी तिने शेजारपाजारच्या बायांना तो वाचून दाखवला. ते वाक्य आलं आणि बायांनी वाती वळायच्या थांबवल्या म्हणे.

"पण या मास्तराची ओवी?" सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा काल आला!"

"ती? ती आमच्या आजेसासूच्या वेळची हाय," वहिनी डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या. "तवाबी एक मास्तर असाच वाळका आल्ता."

बायांमध्ये खसखस पिकली. सरांना हसू येईना. अभ्यासक माणूस, ते म्हणाले, मी वाक्य मागे घेईन, पण आधी नवी ओवी कानांनी ऐकू द्या, पुराव्याशिवाय कसं घेऊ? वहिनी म्हणाल्या, आधी खोडा, मंग ऐका. दोघांनीही मान ताठ केली. सर ओसरीवर जाऊन बसले आणि, सांगायला नको पण सांगतो, त्यांनी स्वतःची ओवी स्वतःच रचायला घेतली. मात्रा मोजून, यती सांभाळून केलेली ती रचना त्यांनी माझ्या हाती आत पाठवली. बायांनी ती जात्यावर घालून पाहिली. दुसऱ्याच फेऱ्याला हात अडकला.

"पोथीत बरी हाय," वहिनींचा निरोप आला. "जात्यावर फिरंना."

उन्हं कलायला लागली. मंठ्याचे जावई बाही सारून मेढीजवळ जाऊन उभे राहिले. सर दाराशी आले, आत पाहिलं, मागे फिरले, पुन्हा आले. माई तेव्हा उठल्या. पदर खोचला, जात्यासमोर बसल्या आणि मूठभर ज्वारी टाकून खुंटा धरला. त्यांच्या तोंडून ओवी मी कधी ऐकली नव्हती. नवऱ्याचं नाव त्या घेणार नव्हत्या, आणि घेतलंही नाही:

"उंबऱ्यात उभा, डोळ्यांवर भिंगं दोन,
पुसा गं सयांनो, रुसला जावई कोण?

बुकांचा पंडित, बुकांनी भरली पेटी,
एका नावासाठी आला जात्याच्या भेटी."

आवाज जुना, किंचित फाटका, पण हाताशी अगदी जुळलेला. बाया आधी हसल्या, मग कान देऊन पुढे सरकल्या. सर उंबऱ्यात उभेच होते. तोंड उघडं होतं. तीस वर्षं ज्याच्यावर लिहिलं, ते त्यांच्यासमोर त्याच क्षणी जन्माला आलं होतं, आणि ते त्यांच्याच घरात राहत होतं. "हे... हे मी कुठेच ऐकलेलं नाही," ते पुटपुटले.

"ऐकाल कुठून?" माई पीठ सारत म्हणाल्या. "आत्ता केलंय."

सरांनी देव्हाऱ्यातला ग्रंथ मागवला. कुंकवाने माखलेलं पान काढून खिशातली पेन्सिल काढली.

"शिसपेन्सिल नको," सरूवहिनी म्हणाल्या. "ती पुसता येती. शाईनं खोडा."

सरांनी फाउंटन पेन काढलं आणि वाक्य आडवं खोडलं. एकदा नव्हे, दोनदा. वहिनींनी माईंच्या समोर बसून खुंट्याला हात लावला आणि दोघींनी मिळून जातं ओढलं:

"रुसवा सोडा दाजी, मेढीला लावा हात,
वामनराव आता आमच्या गणगोतात."

मेढ रोवताना सरांचा चष्मा खड्ड्यात पडला, मंठ्याच्या जावयांनी तो काढून दिला, आणि लग्न थाटात लागलं.

परतीच्या गाडीत कापसाचे व्यापारी नव्हते, पेटी मात्र तेवढीच जड होती. मला वाटलं, सर आता नव्या आवृत्तीची टिपणं काढतील. ते खिडकीशी बसून राहिले. औरंगाबाद मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "लग्न झालं आणि आपण पुण्यात बिऱ्हाड केलं, तेव्हापासून आपल्या घरी पीठ गिरणीतून येतं ना?"

"पहिल्या दिवसापासून," माई म्हणाल्या.

"आणि मी लिहिलं की ओवी संपली."

माईंनी सरांच्या सदऱ्यावरची हळद झटकली. ती काही जाईना. मला तेव्हा फार भरून आलं, हे इथे कबूल करतो. सरांनी थोड्या वेळाने भीत भीत विचारलं, "घरी एक जातं आणू का?"

"आणा," माई म्हणाल्या. "पण माझे हात आता दुखतात. दळणार असाल तर मी गाईन."

स्मृतिग्रंथात सरांच्या ग्रंथांची यादी येईलच. त्यांच्या अखेरच्या वर्षांत मात्र सकाळी त्यांच्या घरी गेलं की कोणी दारावर थाप मारत नसे. आम्ही बाहेरच उभे राहायचो. आतून घरघर यायची, मध्येच थांबायची, आणि माईंचा आवाज यायचा, "अहो, असं झटके देऊन नाही. ओढा सावकाश. ओवी पुरी होऊ द्या."