गॅरेजमधल्या सांबारवड्या

माझ्या सांबारवड्या, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवड्या, गॅरेजमध्ये होत्या. कचऱ्याच्या मोठ्या डब्यावर ट्रे ठेवलेला. वरची फॉइलसुद्धा उघडलेली नाही. आत सगळे जेवत होते. मी जादा खुर्च्या आणायला म्हणून गॅरेजमध्ये गेले होते.

डेट्रॉइटजवळच्या उपनगरातलं हे घर. निवृत्त डॉक्टर काकांचं. गावातल्या मराठी माणसांचं पाडव्याचं जेवण दरवर्षी तिथेच. आम्ही नवीन. मी गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, नवरा आयटीत. दारातच काकूंनी ट्रे हातात घेतला, वास घेतला. म्हणाल्या, अगदी नागपूरच्या दिसता. मग विचारलं, नागपुरात कुठे? मी म्हटलं, इंदोरा. इंदोरा म्हणजे आंबेडकरी वस्ती. नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. काकू नागपूरच्याच. त्या हसल्या आणि ट्रे घेऊन आत गेल्या.

खुर्च्या घेऊन परतले तेव्हा काका मुलांना सांगत होते. साठच्या दशकाच्या शेवटी ते इथे आले. कायदे बदलले होते, माणसं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावात हॉटेलवाल्याने त्यांना आत बसू दिलं नाही. मागच्या खिडकीतून कागदी पिशवीत सँडविच दिलं. ते त्यांनी पार्किंगमध्ये उभ्याने खाल्लं. सांगताना काकांचे डोळे भरले. काळ्या लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले, म्हणून आपल्याला इथे यायला मिळालं, असं त्यांनी समजावलं. माझी मुलगी पुढेच बसून ऐकत होती.

मी खुर्च्या मांडल्या. जेवलेही.

दोन वर्षांनी गावच्या कौन्सिलपुढे प्रस्ताव आला. भेदभावाविरुद्धच्या नियमात वंश, रंग, धर्म यांच्या जोडीला जात हा शब्द घालायचा. सुनावणीला काका सूट घालून आले. माइकवर शांतपणे म्हणाले की इतक्या वर्षांत अमेरिकेत मी जात पाहिलेली नाही. मराठी मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

नवऱ्याने माझा हात धरला. "नको यार. माझा मॅनेजर बसलाय मागे."

मी हात सोडवला. माइकपाशी गेले. बाकीचं इंग्रजीत बोलले, पण एक वाक्य आधी मराठीत.

"काका, ती पिशवी तुम्ही अजून विसरला नाहीत. माझा ट्रे तुमच्या गॅरेजमध्ये कचऱ्याच्या डब्यावर होता."

जागेवर परतताना ऐकलं, काकू शेजारणीला हळूच म्हणत होत्या, "ॲलर्जी असते गं कुणाकुणाला."

प्रस्ताव पडला. बाजूने एकच मत, एका म्हाताऱ्या काळ्या सदस्य बाईंचं.

त्यानंतर आमचा फोन वाजायचा थांबला. मुलीला वाढदिवसांना बोलावणं येईना. गाडीत ती एवढंच म्हणाली, "मॉम, व्हाय डिड यू टेल देम?" मी सांगत गेले. तिने कानात इअरफोन घातले. नवरा कामापुरतं बोलतो.

माझ्या हयातीत तो शब्द नियमात येईल असं मला वाटत नाही. आला तरी जेवणाच्या टेबलावर तो कोण लागू करणार?

आता नवीन मराठी माणूस भेटला की त्याने गाव विचारायच्या आत मी जात सांगते. बहुतेक जण पुन्हा भेटत नाहीत. नको भेटू देत. प्रस्ताव परत आला तर मी परत उठणार. शेजारी कुणी बसलेलं नसेल. हरणार हेही माहीत आहे. तरी उठणार.